मांगा निवडताना आधी खंड मोजा

‘वन पीस वाचायला घेऊ का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देण्यात अर्थ नाही. ती मांगा, म्हणजे जपानी चित्रकथांची मालिका, जुलै १९९७ पासून चालू आहे, खंड ११०च्या पुढे गेलेत आणि शेवट अजून आलेला नाही. विचारायचं ते असं: कितवा खंड वाचून ठरवू? वन पीसपुरतं उत्तर आहे, अकरावा.

पहिले सात खंड पात्रांच्या जमवाजमवीचे आहेत. मजा येते, पण विनोद बराच पोरकट आहे. परीक्षा ८ ते ११ या खंडांत होते, आर्लाँग पार्कच्या प्रकरणात. नायकाची साथीदार नामी जमिनीवर बसून स्वतःच्या दंडावरच्या गोंदणात सुरी खुपसत राहते. नायक लुफी तिचा हात धरतो. ‘मदत कर’ एवढंच ती म्हणते. तो आपली गवती टोपी काढून तिच्या डोक्यावर ठेवतो (जी जिवापाड जपत आलाय, तीच) आणि ओरडून सांगतो की करणारच. एवढं वाचून पोटात काही हललं नाही, तर पुढचे शंभर खंड तुमच्यासाठी नाहीत, बिनधास्त सोडा. हललं, तर जपून, कारण ड्रेसरोझाचं एकच प्रकरण शंभर भागांच्या आसपास चालतं आणि तिथे लेखक-चित्रकार ओदाची पानं इतकी गच्च भरतात की कोण कुणाला मारतंय ते कळायला चौकट दोनदा बघावी लागते.

मांगाचा आकार कथेइतकाच ती कुठे छापून आली यावर ठरतो. ‘शोनेन जंप’ हे साप्ताहिक. एका मालिकेला आठवड्याला साधारण १९ पानं. अंकात पोस्टकार्ड असतं, वाचक त्यावर आपल्या आवडत्या तीन मालिका कळवतात, आणि तळाला राहणाऱ्या मालिका दोन-तीन खंडांत गुंडाळल्या जातात. त्यामुळे दर १९ पानांच्या शेवटी काहीतरी धडाम व्हावंच लागतं आणि चालणारी मालिका लवकर संपवणं कुणालाच परवडत नाही. मासिकात एका भागाला ४०-५० पानं मिळतात, म्हणजे एक अख्खा प्रसंग मावतो. जंपमधल्या नारुतोचे ७०० भाग ७२ खंडांत बसले, खंडाला दहाच्या आसपास. मासिकातल्या फुलमेटल अल्केमिस्टचे १०८ भाग २७ खंडांत, म्हणजे खंडाला बरोबर चार. दोन्ही सलग वाचा, धापा टाकणं आणि चालणं यातला फरक दिसेल.

नारुतोबद्दल माझं मत कडवट आहे. पहिले २७ खंड उत्तम. २८व्यात मुलं मोठी होऊन परततात, तिथूनही बराच काळ चांगलं चालतं. पण ५५च्या आसपास जे महायुद्ध सुरू होतं ते शेवटापर्यंत संपत नाही. म्हणजे मालिकेचा चौथा हिस्सा एकच लढाई, आणि तीही मेलेल्यांना परत आणून. इंग्रजी बॉक्स सेट तीन आहेत: १ ते २७, २८ ते ४८, ४९ ते ७२. पहिला घ्या. दुसरा मित्राकडून आणा. तिसऱ्याचे पैसे वाचवा.

डेथ नोट बाराच खंडांची, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात सुचवतात. सातव्यापर्यंत ठीक. त्यानंतर कथा संपायला हवी होती, ती संपत नाही. शिवाय फुगे मजकुराने इतके भरलेत की एका खंडाला नारुतोच्या दोन खंडांइतका वेळ लागतो. बाराही खंड एकत्र बांधलेली २४०० पानांची जाडजूड आवृत्ती मिळते; ती कपाटात शोभते, हातात धरवत नाही.

पहिली मांगा म्हणून कुणी विचारलं तर मी फुलमेटल अल्केमिस्टच सांगतो. २००१ ते २०१० या काळात पूर्ण झाली आणि कुठे ढिली पडत नाही. लेखिका हिरोमू अराकावा उत्तर जपानमधल्या होक्काइदोतल्या दुग्धव्यवसाय करणाऱ्या घरातली, आणि तिचा हिशोबीपणा कथेतल्या किमयागिरीतही उतरलाय. दोन भाऊ मेलेल्या आईला परत आणायला निघतात, तेव्हा सामानाची यादी अशी: पाणी ३५ लिटर, कार्बन २० किलो, अमोनिया ४ लिटर, चुना दीड किलो, फॉस्फरस ८०० ग्रॅम, मीठ २५० ग्रॅम, सोरा १०० ग्रॅम, गंधक ८० ग्रॅम, फ्लोरिन साडेसात ग्रॅम, लोह ५ ग्रॅम, सिलिकॉन ३ ग्रॅम आणि किरकोळ १५ मूलद्रव्यं. थोरला भाऊ एडवर्ड म्हणतो, हे सगळं पोराच्या खाऊच्या पैशात बाजारात मिळतं. माणूस स्वस्तात बनतो. त्या यादीत काय नाही, यावर सगळे २७ खंड उभे आहेत.

तिचीच ‘सिल्व्हर स्पून’ (१५ खंड) शेतकी शाळेवर आहे. शहरातला अभ्यासू मुलगा होक्काइदोच्या शाळेत येतो, एका अशक्त डुकराच्या पिल्लाला जीव लावतो आणि त्याचं नाव ठेवतो ‘बुतादोन’, म्हणजे भातावर डुकराचं मटण घालून करतात तो पदार्थ. पुढे काय होणार हे नावातच आहे. पण मला त्याहून लागतं ते वर्गमित्राच्या घरचं कर्ज. गोठा मोडावा लागतो, गुरं विकली जातात, आणि मुलगा शाळा सोडतो. लेखिका रडारड करत नाही. गोठा रिकामा झालेला दाखवते आणि पान उलटते.

शेती आवडणाऱ्याने ‘व्हिनलँड सागा’ही घ्यावी, पण तिथे लोक चुकीच्या जागी सोडतात. पहिले आठेक खंड व्हायकिंगांची कापाकापी, आणि चौपन्नाव्या भागाचं नावच ‘प्रस्तावनेचा शेवट’ अशा अर्थाचं. त्यानंतर सूडाने पेटलेला नायक थोर्फिन डेन्मार्कमधल्या एका शेतावर गुलाम म्हणून दिसतो आणि वाचक म्हणतात, ‘मारामारी गेली, मजा गेली.’ माझ्या मते मजा तिथेच सुरू होते. त्याला आणि सोबतचा गुलाम आयनारला जंगल तोडून वावर काढायचंय. झाडं पडतात, पण बुंधे जागचे हलत नाहीत. मुळं खणून तोडायची आणि बैल-घोडं नसताना अंगाने ओढायची. घोडा आणि नांगर मागायला जावं तर बाकीचे गडी नाडतात. शेवटी एक खडूस म्हातारा देतो, तोही त्याच्या कामाच्या बदल्यात. कोंब उगवतो ते पान या मालिकेतल्या कुठल्याही लढाईपेक्षा जड आहे. इंग्रजीत जाड पुठ्ठ्याच्या एका पुस्तकात दोन खंड असतात, तेव्हा चौथं पुस्तक संपल्यावर थांबू नका.

खेळाची मांगा एकच वाचायची तर ‘स्लॅम डंक’, ३१ खंड, १९९० ते १९९६. बास्केटबॉल कळत नसेल तरी चालतं, कारण नायक साकुरागीलाही कळत नाही. त्याला पहिले कित्येक दिवस कोपऱ्यात नुसता चेंडू आपटायला लावतात. पुढे एका आठवड्यात २०,००० शॉट मारण्याचा सराव येतो आणि त्यातला एक धडा, ‘डावा हात फक्त आधाराला’. शेवटचे सहा-सात खंड मिळून एकच सामना. शेवटच्या क्षणांत लेखक-चित्रकार ताकेहिको इनोउए संवाद जवळजवळ काढूनच टाकतो. फुगे नाहीत, आवाजाची अक्षरं नाहीत, फक्त पावलं, हात, घड्याळ. इथे डोळा पानावरून घसरतो, वेग वाढतो. ही पानं फोनवर वाचू नका: एकेक चौकट सरकवत गेलं की इनोउएने बांधलेला वेगच मोडतो. दोन पानं शेजारी-शेजारी दिसली पाहिजेत, म्हणजे छापील पुस्तक किंवा आडवा धरलेला टॅब्लेट.

इनोउएचीच ‘व्हॅगाबाँड’ चित्रांसाठी अजोड, पण २०१५ पासून ३७ खंडांवर अडकली आहे. शेवट लागत नसेल तर झोप येत नाही अशांनी लांब राहावं. ‘बर्सर्क’चे पहिले दोन खंड वाचून किळस आली तर ते स्वाभाविक आहे, खरी कथा तिसऱ्यापासून मागे जाते आणि चौदाव्यापर्यंत तिला तोड नाही. तिचा लेखक केंतारो मिउरा मे २०२१ मध्ये गेला. आता त्याचा मित्र कोजी मोरी आणि मिउराचाच स्टुडिओ ती पुढे नेतायत; रेघ तीच, श्वास तो नाही. नाओकी उरासावाची ‘मॉन्स्टर’ १८ खंडांची, नव्या आवृत्तीत ९. जर्मनीतला जपानी मेंदूशल्यविशारद एका मुलाचा जीव वाचवतो आणि तोच मुलगा पुढे खुनी निघतो. हिरो-व्हिलनवाल्या मांगांचा कंटाळा असलेल्या काका-मावशींनाही ही चालते.

चित्रं बघून ‘मुलांचं पुस्तक’ समजण्याची चूक इथे महागात पडते. बर्सर्क दहा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यायचं पुस्तक नाही. मागच्या कव्हरवर टीन, टीन प्लस, मॅच्युअर असा शिक्का असतो, तो बघा. गंमत म्हणजे ज्या शिन-चॅनला आपल्याकडे घराघरात मुलं बघतात, तो १९९० मध्ये मोठ्यांच्या साप्ताहिकातूनच आला.

ओसामु तेझुकाच्या ‘बुद्ध’बद्दल (इंग्रजीत ८ खंड) मराठी वाचकाला वेगळं सांगावं लागतं. चरित्र म्हणून उघडाल तर चिडाल. पहिल्या खंडात सिद्धार्थाचा जेमतेम जन्म होतो. तो सगळा खंड छाप्रा नावाच्या शूद्र गुलाम मुलाचा, आणि तो तेझुकाच्या कल्पनेतला. मध्येच आधुनिक विनोद येतात, लेखक स्वतः डोकावतो. जातीची उतरंड त्याने सोपी करून मांडलीय, इतकी की आंबेडकर वाचलेल्या माणसाला जागोजागी खटकेल. पण जन्मावरून माणसाची किंमत ठरणं हेच मूळ दुःख, असं धरून बुद्धाची गोष्ट सुरू करणारा हा माणूस जपानी आहे, आणि १९७२ मध्ये हे काढायला बसला होता.

आता वाचायचं कसं. उजवीकडून डावीकडे, वरून खाली. पानातली पहिली चौकट उजव्या कोपऱ्यातली, चौकटीतला पहिला फुगाही उजवाच. दुसऱ्या खंडापर्यंत डोळा सरावतो. चौकटींच्या मधली जागा काळी झाली की प्रसंग भूतकाळातला. नाकातून फुगा म्हणजे झोप, कपाळावर फुगलेली शीर म्हणजे राग, नाकातून रक्ताची चिळकांडी म्हणजे मनात भलतंच चाललंय. जुन्या काही इंग्रजी आवृत्त्या पाश्चात्त्य वाचकांसाठी आरशासारख्या उलटवून छापल्या होत्या. त्यांत सगळे सामुराई डावखुरे होतात आणि किमोनोचा उजवा पदर वर येतो. जपानमध्ये तसा किमोनो प्रेताला नेसवतात. सेकंडहँड घेताना हे तपासा.

भाषांतराचं दुखणं आपल्याला जास्त कळतं. जपानीत क्रियापद मराठीसारखंच वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून लेखक एक वाक्य दोन फुग्यांत तोडून ‘मारलं’ की ‘वाचवलं’ हे पुढच्या चौकटीवर ठेवू शकतो. इंग्रजीत क्रियापद आधीच येऊन बसतं आणि रहस्य अर्ध्यावर फुटतं. ‘ओनीचान’चं इंग्रजीत थेट नाव होतं, मराठीत ‘दादा’ म्हटलं की काम झालं. तू, तुम्ही, आपण यांतला बदल म्हणजे नात्यातला बदल, आणि जपानीत असे बदल पानोपानी आहेत. मांगा मराठीत यायला हवी असं वाटण्याचं हेच कारण.

विकत घेताना पहिले तीनच खंड घ्या. फुटपाथवर आणि ऑनलाइन अर्ध्या किमतीत मिळणाऱ्या प्रती बहुतेक नकली असतात. ओळखायला सोपं: राखाडी छटांवर जाळीसारखे लहरी पट्टे (स्कॅन केलेल्या ठिपक्यांवर पुन्हा ठिपके पडले की असं होतं), काळा रंग फासल्यासारखा, आणि शिवणीजवळचे शब्द आत गिळलेले. दोनदा पूर्ण उघडली की पानं गळतात. खऱ्या खंडाची जाडी साधारण दीड ते दोन सेंटीमीटर, तेव्हा नारुतोच्या ७२ खंडांना सव्वा मीटर फळी लागेल. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात खंड भिंतीला चिकटवून ठेवू नका, ओल चढते आणि कसर लागते. मागे दोन बोटं जागा सोडा.

जंपच्या चालू मालिका पैसे न देता वाचायच्या तर मांगा प्लस ॲप आहे: पहिले तीन आणि ताजे तीन भाग फुकट. जपानमध्ये सोमवार लागला की नवा भाग येतो, म्हणजे आपल्याकडे रविवारी रात्री साडेआठला.

पुण्या-मुंबईत जपानी शिकणाऱ्यांनी मात्र शोनेनच्या (किशोर मुलांसाठीच्या मांगांच्या) आरडाओरड्याऐवजी ‘योत्सुबा’ घ्यावी. कियोहिको अझुमाने ती २००३ पासून काढलीय. पाच-सहा वर्षांच्या मुलीचे साधे दिवस: पंखा, छत्री, शेजारच्या ताया, सिकाडा नावाचे किडे पकडणं. कांजीवर (जपानीत वापरतात त्या चिनी चित्राक्षरांवर) बारीक अक्षरांत उच्चार छापलेला असतो, वाक्यं घरात बोलतात तशी लहान, आणि काहीच घडत नसल्यामुळे एखादा शब्द अडला तरी कथा निसटत नाही. पंधरावा खंड २०२१ मध्ये आला, यावरून तिच्या घाईचा अंदाज घ्या.