'थंडी थंडी' करणारा प्रत्यय : तुम्ही विचारलंत म्हणून

पुण्यात डिसेंबरची जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा, जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो. "सेन्सेई (म्हणजे बाई), मला थंडी वाजतेय याला नुसतं 'सामुई' चालतं, मग भावाला थंडी वाजतेय म्हणताना 'सामुगात्ते इरु' कशाला? थंडी तीच ना?"

थंडी तीच. पण तुमची तुम्हाला कळते आणि भावाची दिसते. सामुई, कोवाई (भीती वाटणं), होशी (हवंसं वाटणं) ही जपानी विशेषणं बोलणाऱ्याच्या आतली. दुसऱ्याच्या अंगात शिरून कुणी पाहिलेलं नसतं, म्हणून त्याच्याबद्दल ती बेधडक वापरलेली जपानी कानाला खटकतात. शेवटची 'इ' काढून 'गारु' लावला की विशेषणाचं क्रियापद होतं ('गात्ते इरु' हे त्याचंच 'करतोय'चं रूप), आणि मग बोलणं भावाच्या वागण्यापुरतं उरतं : दात वाजताहेत, पांघरूण ओढतोय.

आपण मराठीत "त्याला थंडी वाजतेय" खुशाल म्हणतो, त्यामुळे इथे सगळेच अडतात. पूर्वी मी 'थंडी वाजत असावी असं दिसतं' असा अर्थ सांगायचे. पण तो 'सामुसोओ'च्या जास्त जवळचा, म्हणजे पाहून बांधलेला अंदाज. 'गारु'मध्ये माणूस काहीतरी करत असतो. आणि ही तऱ्हा मराठीत घरोघरी आहे! पोर खेळण्यांच्या दुकानासमोर 'हवं हवं' करतं, ते होशिगारु. औषधाला 'नको नको' करतं, ते इयागारु. आजोबा पंखा बंद करायला लावून 'थंडी थंडी' करतात, ते सामुगारु. हे एकदा डोक्यात बसलं की हव्या असलेल्या वस्तूपुढचा 'गा' जाऊन कर्माचा 'ओ' का येतो तेही उलगडतं. मला पाणी हवंय, 'मिझु गा होशी'. पण मूल 'पाणी पाणी' करतंय, 'मिझु ओ होशिगात्ते इरु'. आता करणं आलं, म्हणून त्याला कर्मही आलं.

ही किल्ली मला उशिरा सापडली. चाकणला एका कारखान्यात दुभाषी होते तेव्हाची गोष्ट. जपानहून आलेल्या साहेबांना प्लँट बघायचा होता. मी त्यांच्या हाताखालच्या इंजिनिअरला सांगितलं, "बुच्यो वा कोओजो ओ मितागात्ते इमासु." व्याकरण चोख. तो क्षणभर थांबला आणि हळूच म्हणाला, "मिताई तो ओश्शात्ते इमासु, देसु ने." बघायचंय असं म्हणताहेत, नाही का? मी साहेबांना चक्क 'बघायचं बघायचं करताहेत' म्हटलं होतं. घरच्या पोराबद्दल, मांजराबद्दल ठीक. साहेबांबद्दल आपण तरी असं म्हणू का? तेव्हापासून वरिष्ठांच्या बाबतीत मी 'गारु'च्या वाटेला जात नाही.

अपवाद आहेतच. स्वतःकडे दुसऱ्याच्या नजरेतून पाहताना 'मी'लाही 'गारु' लागतो : मी घाबरत होते, कोवागात्ते इता, तेव्हा आई हसली. उलट कादंबरीतला निवेदक पात्राच्या मनात बसलेला असतो, त्याला 'गारु'वाचून चालतं. भाषाशास्त्रज्ञ कुरोदा यांनी १९७३ साली या फरकावर लिहिलं होतं. एन-४च्या, म्हणजे परीक्षेच्या खालून दुसऱ्या पातळीच्या, पोरांनी त्यात तूर्त शिरू नये.

काही शब्द तर घर सोडून गेलेत. कावाईई म्हणजे गोंडस, म्हणून कावाईगारु म्हणजे लाड करणं, जीव लावणं. सुमोच्या आखाड्यात मात्र 'कावाईगारी' म्हणजे नवशिक्याला अंगातलं त्राण जाईपर्यंत रगडणं. लाड कुणाचे, ते विचारू नका.

माझा आवडता 'त्सुयोगारु'. त्सुयोई म्हणजे बळकट, पण त्सुयोगारु म्हणजे उसनं अवसान आणणं. गेल्या परीक्षेला मी गेटबाहेर उभी होते. एक विद्यार्थी आला, "लिसनिंग एकदम सोपं होतं, सेन्सेई," म्हणाला, आणि बाटलीचं झाकण उघडता उघडता निम्मं पाणी शर्टावर सांडलं.