जुन्या लेथचे बुश: फॉस्फर ब्रॉन्झ सोडून एसएई ६६०

लेथच्या (धातू फिरवून कापायच्या यंत्राच्या) हेडस्टॉकचे, म्हणजे स्पिंडल हा फिरता दांडा धरणाऱ्या डोक्याचे, जुने बुश निघाले. बुश म्हणजे स्पिंडल ज्यांत फिरतो त्या धातूच्या नळ्या. पुढचा झिजून लंबगोल झालाय, मागचा बरा आहे, पण बदलायचे तर जोडीनेच. अशा कामाला बहुतेकांचा कल फॉस्फर ब्रॉन्झकडे असतो. मी लेडेड टिन ब्रॉन्झ, म्हणजे शिसं घातलेलं कथील-तांब्याचं मिश्रण, घेतलं ते स्पिंडलसाठी. माझ्या लेथचा स्पिंडल हार्डन केलेला नाही. फॉस्फर ब्रॉन्झ कडक, त्याला शाफ्टही कडक लागतो. नाहीतर बुश टिकतो आणि स्पिंडल झिजतो. बुश पुन्हा करता येईल, स्पिंडल कुठून आणणार?

नाशिकच्या सातपूरमधून त्याच ब्रॉन्झच्या एसएई ६६० ग्रेडचा पोकळ बार आणला. तांबं ८१ ते ८५ टक्के, कथील ७ च्या आसपास, शिसंही तेवढंच, जस्त साधारण ३. ग्रेड सांगूनच मागा. नुसतं ‘गनमेटल द्या’ म्हटलं तर ८५-५-५-५ (तांबं ८५, कथील, शिसं, जस्त प्रत्येकी ५) हातात पडू शकतं. पंपाला, व्हॉल्व्हला ते उत्तम, पण बेअरिंगला कथील आणि शिसं दोन्ही जरा जास्त हवं.

कथील तांब्यात मिसळून ताकद देतं. शिसं मात्र गोठलेल्या तांब्यात जवळजवळ विरघळतच नाही. ओतीव थंड होताना ते सगळ्यांत शेवटी, ३२७ अंशांच्या सुमारास गोठतं आणि बारीक थेंबांनी जागोजागी अडकून राहतं. सगळी करामत या थेंबांची. तेल क्षणभर कमी पडलं तर शिसं पृष्ठभागावर पसरतं, स्पिंडल धरत नाही. तेलातून आलेला कण मऊ शिशात रुतून बसतो. बदल्यात थोडी ताकद जाते. या लेथला ती पुरून उरेल.

टर्निंगला फार मजा आली. एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूल, वरचा उतार शून्य, तेल नाही. चिप लांब निघतच नाही, जाड्या रव्यासारखी सुटून ट्रेमध्ये पडते. हात करडे होतात. शिसं विषारी, म्हणून चहाआधी साबणाने धुवायचेच, आणि हा चुरा घरी वितळवायचा नाही.

कापलेला तुकडा ठोकून पाहिला. भांडी बाजारात काशाची वाटी वाजवून घेतात. तिच्यात कथील २२ टक्क्यांच्या आसपास, म्हणून ती घणघणते. हा तुकडा बद्द वाजला. शिसं कंपन गिळतं.

प्रेसने बसवल्यावर बुशचा बोअर (आतलं भोक) आकसतो, म्हणून आत मटेरियल राखलंय, भोक नेमक्या मापाला आणणारा रीमर नंतर. ३८ मिमी स्पिंडलला ४० मायक्रॉन फट धरतोय. तेलाची खाच बेल्टची ओढ आणि टूलचा रेटा कुठल्या बाजूला येतो ते पाहूनच काढणार. भाराच्या बाजूला काढली तर तेलाचा थर नेमका तिथेच तुटतो.