तेरा फुटी अंडं: गळती, ॲक्सल, वीज आणि पहिला मुक्काम

मार्च – आधी पाणी शोधायचं

हे अंडं म्हणजे गाडीमागे ओढायचा, फायबरग्लासच्या कवचाचा जुना कॅम्पर ट्रेलर, बोलर नावाच्या ट्रेलरच्या कुळातला. १९६८ साली कॅनडात विनिपेगला रे ओलेको यांनी पहिलं बोलर काढलं. पुढे ट्रिलियम, स्कॅम्प, बरो, कसिटा ही भावंडं आली. आतली मांडणी ज्याची त्याची, पण युक्ती एकच. वरची वाटी आणि खालची वाटी साच्यातून काढायची, कमरेला जोडायची, आतून फायबरग्लासची पट्टी लावायची. भिंतीत लाकडी सांगाडा नाही, म्हणून चाळीस वर्षांनीही भिंत कुजत नाही. कुजतो तो प्लायवूडचा तळ. त्यावरचं पाणी कवचातून झिरपलेलं नसतं, कवचाला पाडलेल्या भोकांतून आलेलं असतं.

म्हणून कामाचा क्रम असा: पाणी, मग ॲक्सल आणि चॅसी, मग वीज, सगळ्यांत शेवटी गाद्या-पडदे. बहुतेक जण नेमकं उलट करतात. मग पहिल्या मोठ्या पावसात नव्या गाद्या पिळत बसायची वेळ येते.

गळती शोधायला होजपाइप खालून वर न्यायचा. आधी कमरेचा सांधा, मग खिडक्यांच्या खालच्या कडा, मग बाजू, शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं पाणी. छतापासून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे पोचतो आणि चोर सापडत नाही. एक माणूस टॉर्च घेऊन आत. आतल्या कडेने कोरड्या रांगोळीची बारीक रेघ ओढून ठेवली तर पाण्याचा पहिला थेंब कुठे पडला ते लगेच दिसतं. दुसरी रीत: छताच्या झडपेत ब्लोअर लावून आत थोडा दाब तयार करायचा, बाहेरून साबणाचं पाणी मारायचं आणि बुडबुडे कुठे येतात ते पाहायचं.

इथे निघालेले दोषी: अकरा रिव्हेट (कपाटं कवचाला धरून ठेवणारे धातूचे खिळे), एका खिडकीचं गॅस्केट, छताच्या पंख्याची चौकट आणि मागच्या नंबरप्लेटच्या दिव्याची तार जिथून आत येते ते भोक. हे शेवटचं सगळ्यांच्या नजरेतून सुटतं.

रिव्हेट

वरची कपाटं, ओटा, वॉर्डरोब हे सगळं बाहेरून मारलेल्या ३/१६ इंची ॲल्युमिनियम रिव्हेटवर लटकलेलं असतं. डोक्यावरची प्लास्टिकची टोपी पाणी अडवत नाही, ती फक्त शोभेची. जुना रिव्हेट काढताना ३/१६ चं ड्रिल फक्त डोक्यावर चालवायचं. डोकं गळालं की पंचने मागे ढकलायचं. ड्रिल आरपार घातलं की रिव्हेट ड्रिलसोबत गरगर फिरतो आणि भोक अंडाकृती होतं.

नवा रिव्हेट बसवण्याआधी भोकाच्या कडेला पॉलियुरेथेन सीलंटचा मुगाएवढा ठिपका, आतल्या बाजूला मोठा वायसर. स्टीलचे रिव्हेट मोहात पाडतात, पण ओढताना ते कवच चिरडतात आणि भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा येतात. ज्या कपाटात डबे-भांडी जाणार तिथे रिव्हेटऐवजी स्टेनलेस स्क्रू, रबरी वायसर आणि आतून टोपीवाला नट. ओझं त्यावर निर्धास्त टाकता येतं.

सिलिकॉन मात्र कुठेही नको. आज ते छान चिकटतं, पण त्याचा अंश राहिलेल्या जागेवर पुढे पेंट, जेलकोट (कवचाचा बाहेरचा चकचकीत थर), दुसरं सीलंट, काहीही धरत नाही. आधीच्या मालकाने लावलेलं सिलिकॉन खरवडायला एका खिडकीमागे दोन तास धरावेत. खिडकीची आणि पंख्याची चौकट ब्यूटिल टेपवर (चिकट रबरी पट्टीवर) बसवायची, स्क्रू हळूहळू आवळायचे, दुसऱ्या दिवशी ब्यूटिल दबलं की पुन्हा पाव फेरा. छत गोलाईचं आणि पंख्याची १४ बाय १४ इंची चौकट सपाट, त्यामुळे कोपऱ्यांत ब्यूटिलचे दोन थर लागतात. आतून प्लायवूडची कडी दिली तर स्क्रू नुसत्या पातळ कवचात बसत नाहीत.

एक इशारा, कारण ही चूक हमखास होते. जागा मोकळी करायच्या नादात उंच वॉर्डरोब काढून टाकू नका. तो कपड्यांसाठी असतो तितकाच छताला टेकू म्हणून असतो. तो निघाला की छत अर्धा-पाऊण इंच बसतं, बाजू बाहेर फाकतात आणि गोलाईचं दार चौकटीत बसेनासं होतं. मग लोक दाराला दोष देतात. कपाट काढायचंच असेल तर त्या जागी जमिनीपासून छतापर्यंत खांब आधी उभा करायचा, मगच रिव्हेटला हात लावायचा.

एप्रिल – तळ

दाभण घेऊन तळाच्या कडेने दर चार इंचांवर टोचत जायचं. चांगल्या प्लायवूडमध्ये दाभण पाव इंचही जात नाही. कुजलेल्यात सुईसारखी आत उतरते. इथे दाराचा उंबरा आणि मागचा डावा कोपरा गेला होता, मिळून साधारण सहा चौरस फूट. गोलाकार ब्लेडची खोली पाऊण इंचाला बांधून कापलं, म्हणजे खालची चॅसी वाचते. कुजका भाग दिसतो त्याच्या पुढे तीन इंच चांगल्या लाकडापर्यंत कापायचं. कडेला किंचित ओल राहिली तरी बुरशी पुढे सरकते.

नवा तुकडा पाऊण इंची मरीन प्लायचा. सहाही बाजूंना इपॉक्सीचे दोन हात, कडांना तीन, कारण प्लाय पाणी पितं ते कडेने. चॅसीत जाणाऱ्या बोल्टची भोकं आधी मोठी पाडायची, इपॉक्सीने भरायची आणि त्यातून योग्य मापाचं भोक पुन्हा पाडायचं. मग बोल्टच्या कडेने आलेलं पाणीसुद्धा लाकडापर्यंत पोचत नाही.

तळ आणि कवच जोडणारी पट्टी हा या कामाचा गाभा. कवच पॉलिस्टर रेझिनचं आहे. त्यावर इपॉक्सी चांगली धरते, पण इपॉक्सीवर पॉलिस्टर नीट धरत नाही. एकदा इपॉक्सी निवडली की शेवटपर्यंत इपॉक्सीच. आणखी एक खोच: बाजारात सहज मिळणाऱ्या चॉप्ड स्ट्रँड मॅटमधला (काचतंतूंच्या तुकड्यांच्या चटईतला) तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो. इपॉक्सीत तो विरघळत नाही, मॅट ताठ राहते, कोपऱ्यात बसत नाही. इपॉक्सीसोबत शिवलेलं बायअॅक्सियल (दोन दिशांच्या तंतूंचं) कापड घ्यायचं. इथे सहा इंची पट्टीचे दोन थर लागले, कवचावर तीन इंच, तळावर तीन इंच. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग ॲसिटोन. चकाकी उरली तर पट्टी वर्षभराने पापुद्र्यासारखी निघते.

इपॉक्सी एका वेळी पाव लिटरपेक्षा जास्त मिसळू नये. खोल भांड्यात ती स्वतःच्याच उष्णतेने उकळते, धूर येतो, भांडं वितळतं. पसरट ट्रेमध्ये ओतली तर वेळ मिळतो. एका गॅलनच्या संचात एवढं सगळं काम होऊन थोडी उरली.

बाहेरच्या जेलकोटच्या भेगांना V आकाराची खाच पाडून जेलकोट पेस्ट भरली. हार्डनर दीड ते दोन टक्के, डोळ्यांवर चष्मा सक्तीचा. मेणविरहित जेलकोट हवेत चिकट राहतो, म्हणून वरून प्लास्टिकची फिल्म चिकटवायची.

मे – ॲक्सल

या ट्रेलरांना पाटे नसतात. चौकोनी नळीत रबराच्या दोऱ्या आणि त्यांत फिरणारा दांडा, म्हणजे टॉर्शन ॲक्सल. रबर वीस-पंचवीस वर्षांत थकतं. तपासायला चॅसीला जॅक लावून चाक अधांतरी करायचं. ॲक्सलचा हात, म्हणजे चाक धरणारा आखूड दांडा, दोनेक इंच खाली आला तर जीव आहे. जागचा हललाच नाही, किंवा ट्रेलर जमिनीवर असताना हात आडव्याच्या वर गेलेला दिसला, तर ॲक्सल संपला. प्रत्येक खड्डा मग थेट चॅसीला आणि रिव्हेटला. मार्चमधल्या अकरा सैल रिव्हेटमागे हेही एक कारण होतं.

नवा मागवताना चार मापं बिनचूक द्यायची: हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) बाहेरच्या तोंडापासून तोंडापर्यंत, ब्रॅकेटच्या बाहेरून बाहेरपर्यंत, क्षमता आणि हाताचा सुरुवातीचा कोन. तेरा फुटी रिकामं अंडं बाराशे ते पंधराशे पौंड. पाणी, गॅस, सामान भरल्यावर दोन हजारांच्या आसपास. २२०० पौंडांचा ॲक्सल पुरतो. ३५०० चा घेतला तर रबर दबतच नाही आणि ट्रेलर खडखडत जातो. जास्त क्षमता म्हणजे जास्त चांगलं, हा हिशेब इथे लागू नाही. कोन २२.५ अंश खाली घेतला, त्यामुळे ट्रेलर दोन इंच उचलला गेला. सोबत सात इंची इलेक्ट्रिक ब्रेक आणि ट्रेलर सुटला तर स्वतः ब्रेक लावणारा स्विच. ॲक्सलच्या नळीजवळ वेल्डिंग बंद, उष्णतेने आतलं रबर जातं. ब्रॅकेट बोल्टनेच बसवायचा. नळीखाली जॅकही लावायचा नाही.

ॲक्सल खाली असतानाच चॅसी तारेच्या ब्रशने घासून पाहावी. या कुळातली चॅसी पुढे जिथे वाकून हिचकडे (गाडीला जोडायच्या टोकाकडे) जाते तिथेच तडे जातात. रंगाखाली गंजाची केसाएवढी रेघ म्हणजे तडा समजा. इथे उजवीकडे एक सापडला. त्याच्या टोकाला भोक पाडून, वेल्ड करून, वर पट्टी चढवली. पट्टीच्या आडव्या कडेला वेल्ड टाळला, कारण पुढचा तडा तिथूनच सुरू होतो.

बेअरिंग दर वर्षी किंवा बारा हजार मैलांनी. १ १/१६ इंची सरळ स्पिंडलला (हब ज्यावर फिरतो त्या दांड्याला) आतलं-बाहेरचं दोन्ही एल ४४६४९ क्रमांकाचं. ३५०० पौंडांच्या ॲक्सलला आतलं एल ६८१४९. नट आधी हब फिरवत घट्ट करायचा, मग हब न फिरवता पूर्ण सैल, मग नुसत्या बोटांनी टेकवून कॉटर पिन. पान्याने आवळून ठेवला की पन्नास मैलांत ग्रीस वितळून वाहतं. टायर नक्षी झिजण्याआधी वयाने मरतात. कडेवरच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षं झाली की बदला.

जून – वीज

हिशेब आधी, खरेदी नंतर. बारा व्होल्टवर चोवीस तासांचा खर्च: कॉम्प्रेसर फ्रिज ३० ॲम्पिअर-तास, थंडीत हीटरचा ब्लोअर १२, छताचा पंखा ५, दिवे-फोन-पंप मिळून ७ ते ८. एकूण पंचावन्न. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे ८० च्या बॅटरीतून ४० मिळतात आणि पहाटे फ्रिज बंद. १०० ची लिथियम फॉस्फेट बसवली. वजनही जवळपास निम्मं, आणि हिचवर बसणाऱ्या बॅटरीला ते महत्त्वाचं.

यात तीन ठिकाणी गडबड होते. बाहेरच्या विजेवर बॅटरी भरणारा जुना कन्व्हर्टर १३.६ व्होल्टवर थांबतो, लिथियम पूर्ण भरायला १४.४ लागतात, म्हणून तो बदलावा लागतो. शून्य अंश सेल्सिअसखाली लिथियम चार्ज करायची नाही, म्हणून बॅटरी बाहेरच्या पेटीतून आत बाकाखाली आणली. आणि गाडीच्या सात पिनांच्या प्लगमधली तार लांब आणि बारीक. तिथे २० ॲम्पिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर ट्रेलरची बॅटरी भरणारा) जोडला की व्होल्टेज कोसळतं. एकतर १० चा चार्जर, नाहीतर ६ गेजची वेगळी तार, दोन्ही टोकांना फ्यूज. छतावर २०० वॉट सोलर. उन्हाळ्यात स्वच्छ दिवशी ५५ ते ६० परत येतात, देवदारांच्या सावलीत त्याच्या पावपटही नाही.

देशातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथल्या, अमेरिकेतल्या १२० वर जेमतेम गुरगुरतो. चटणी घरून वाटून आणा.

जुलै – मुक्काम

आधी पाणसळ ठेवून आडवी पातळी, एका चाकाखाली फळी देऊन. मग दोन्ही चाकांना उटी, म्हणजे अडसराचे ठोकळे. मगच हिच सोडायचा आणि पुढच्या जॅकने उभी पातळी साधायची. कोपऱ्यांचे स्टॅबिलायझर वजन उचलायला नसतात, नुसते टेकवायचे. पण तेरा फुटीत मागचे दोन टेकवल्याशिवाय कुणी मागच्या पलंगावर बसू नये, हलका ट्रेलर मागे कलंडतो. कॅम्पग्राउंडच्या नळाला ४५ पीएसआयचा रेग्युलेटर, नाहीतर जुनी जोडणी फुटते.

कुकरच्या शिट्ट्या आणि फोडणी बाहेरच्या शेगडीवर. आतल्या भिंतींचं राखाडी कापड मोहरी-हिंगाचा वास आठ दिवस सोडत नाही. शिवाय दोन माणसांच्या श्वासाचंच रात्रीत पेलाभर पाणी होतं, त्यात कुकरची वाफ मिळाली की गाद्यांखाली बुरशी. थंडीतही छताची झडप इंचभर आणि एक खिडकी किंचित उघडी ठेवायची. गाद्यांखाली जाळीची चटई. गॅसचा डिटेक्टर मागच्या तारखेवरून पाहा, तो पाच-सात वर्षांत निकामी होतो.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या फिशिंग ब्रिज कॅम्पग्राउंडला ग्रिझली अस्वलांमुळे तंबू किंवा कापडी भिंतींचा कॅम्पर चालत नाही, फक्त कडक भिंतींची गाडी. अंड्याला तिथे जागा मिळते. पश्चिमेकडच्या बीएलएमच्या (सरकारी जमीन सांभाळणाऱ्या खात्याच्या) मोकळ्या जमिनीवर बहुतेक ठिकाणी चौदा दिवस फुकट राहता येतं. तिथे नळ नसतो, तेव्हा माणशी दिवसाला दोन गॅलन पाणी भरून न्यायचं.

बाकी राहिलेलं

चाकांचे नट पहिल्या ५० मैलांनंतर पुन्हा टॉर्क करून (ठरल्या जोराने आवळून) झाले, दोन नट पाव फेरा फिरले. डाव्या खिडकीचं गॅस्केट मागवलं आहे. पावसात नंबरप्लेटच्या दिव्याजवळ रांगोळी अजून एकदा ओली झाली, म्हणजे ते भोक पुन्हा उघडायचं आहे.