विल्यम्समध्ये इतिहास शिकताना भेटलेलं नगर

मी नगरची. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्स कॉलेजात इतिहास हा मुख्य विषय घेऊन शिकते. कॉलेज लहान, विद्यार्थी सगळे मिळून दोन हजारांच्या आसपास. शाळेत इतिहास म्हणजे 'कारणे द्या' आणि 'टिपा लिहा'. इथे ट्युटोरियल असतं: दोन विद्यार्थी, समोर प्राध्यापक. एका आठवड्यात मी निबंध लिहायचा आणि जोडीदाराने त्याची चिरफाड करायची, पुढच्या आठवड्यात उलट. लपायला जागाच नाही. मला हे मनापासून आवडतं.

कॉलेजच्या आवारात एक संगमरवरी स्तंभ आहे. 1806 च्या ऑगस्टमध्ये वादळात सापडलेल्या पाच विद्यार्थ्यांनी तिथे गवताच्या गंजीआड प्रार्थना केली, परदेशी मिशनची कल्पना बोलून दाखवली, आणि 1810 मध्ये परदेशात मिशनरी पाठवणारी 'अमेरिकन बोर्ड' ही संस्था स्थापन झाली. याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल 1813 मध्ये मुंबईत उतरला. पुढे हेच मिशन आमच्या नगरला आलं. 1842 मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक तिथूनच निघालं. मिस सिंथिया फरार यांच्या मुलींच्या शाळाही याच मिशनच्या. त्या जोतीराव फुल्यांनी 1848 मध्ये पाहिल्या, आणि त्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा काढली. फुल्यांचं नाव घेणाऱ्या आपल्या लोकांना फरारबाई माहीत नसाव्यात, याचं मला फार वाईट वाटतं.

मिशनऱ्यांच्या पत्रांवर मी निबंध लिहिला, तेव्हा जोडीदाराने विचारलं, "ही पत्रं वाचणार कोण होतं?" प्रश्न साधा, पण त्याने सगळी मांडणी हलली. पत्रं बोर्डाच्या मासिकात छापली जात, आणि वाचणाऱ्यांत न्यू इंग्लंडचे वर्गणीदार असत. त्यांच्याच पैशावर शाळा चालायच्या. म्हणजे यशही दाखवायचं आणि गरजही संपू द्यायची नाही. हे ध्यानात आल्यावर प्रत्येक वाक्य दोनदा वाचावं लागलं.

मग मी 'ज्ञानोदय'चे जुने अंक काढले. त्यातला मराठी मजकूर आमच्या तिघांत मला एकटीलाच वाचता येत होता, त्यामुळे मी केलेला अर्थ तपासायला दुसरं कुणी नव्हतं. म्हणून मूळ ओळ, तिचा शब्दशः अर्थ आणि माझं म्हणणं असं तिन्ही वेगवेगळं मांडायची शिस्त सरांनी लावली.

शेवटच्या वर्षी प्रबंध लिहायचा आहे. या मिशनऱ्यांना मराठी शिकवणारे पंडित कोण होते, ते शोधायचं ठरवलंय. नगरमध्ये कुणाच्या घरी जुनी मिशनची कागदपत्रं असतील तर कळवा, उन्हाळ्यात मी येतेच आहे.