थळ घाट लेआउट, भाग ११: कापूस वर कुठे चाललाय?

मंडळी, माझ्या मॉडेल रेल्वेचे नऊ डबे! रविवारी रात्री पावणेबाराला नऊच्या नऊ भरलेले डबे इगतपुरीहून सुटले, रिव्हर्सिंगला तोंड फिरवलं आणि कसाऱ्याला येऊन उभे राहिले. एकही रुळावरून उतरला नाही. भाग ६ पासून माझं रडगाणं ऐकणाऱ्यांना हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे पुन्हा रडगाणंच आहे.

नव्यांसाठी दोन ओळी. नाशिकरोडच्या फ्लॅटमधली चौदा फुटी भिंत, एचओ (१:८७) स्केल, विषय थळ घाटातलं (खाली कसारा, वर इगतपुरी) जुनं रिव्हर्सिंग स्टेशन, जिथे इंजिन दुसऱ्या टोकाला लावून गाडी उलट्या दिशेने निघायची. खरा घाट सव्वानऊ मैलांचा आणि ९७२ फूट चढाचा. तो १:८७ मध्ये जसाच्या तसा करायचा तर लांबी १७२ मीटर होते आणि इगतपुरी तीन मीटर चाळीसवर जाते, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या सतरंजीवर. म्हणून लांबी कापली, पण ३७ ला १ हा चढ मात्र कापला नाही. दोन पायऱ्या, प्रत्येकी दहा सेंटिमीटर, मध्ये रिव्हर्सिंग. गेजवर, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरावर, पुन्हा वाद नको. साडेपाच फुटी ब्रॉडगेजला १९ मिमीच्या वर रूळ लागतो आणि मी साडेसोळाचा वापरलाय, हे मला ठाऊक आहे. साडेपाच फुटांचा आग्रह धरणारा लॉर्ड डलहौसी स्वर्गातून बघत असेल तर त्याने डोळे मिटून घ्यावेत.

तर अडचण ही होती. एकमेकांना जोडलेल्या चाकांच्या तीन जोड्यांचं ते काळं इंजिन (जुन्या चासीवर मी घरी बॉडी चढवलेलं) या चढावर पाच डब्यांच्या वर ओढत नव्हतं. सहावा लावला की चाकं जागच्या जागी गरगर. तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. बॉयलरमध्ये मासेमारीचं शिसं भरलं, रूळ अल्कोहोलने पुसले, मागच्या चाकांना रबराची धाव बसवली. रबराने दोन डबे वाढले, पण इंजिन करंट नीट घेईना. मग चढ सुरू होतो तिथला रुळाखालचा बाक तीनदा तासला, कारण तिथे मधलं चाक उचललं जायचं. एवढं करून आठ. कल्याणच्या काकांनी मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावायला सांगितलं. तेही केलं. कसाऱ्याला आज लागतात तसा बँकर मागे लावला, तर दोन इंजिनांचा वेग जुळेना आणि मधले डबे उसाच्या कांड्यासारखे आडवे झाले.

मागच्या शनिवारी हा खेळ चालू होता. आई शेजारी खुर्चीवर वाती वळत बसली होती. तिचं माहेर खानदेशात, त्यामुळे कापूस म्हटलं की तिचं लक्ष असतंच. पाचव्यांदा चाकं फिरली तेव्हा ती म्हणाली, "अरे, पण कापूस वर कुठे चाललाय? कापूस मुंबईला जायचा ना?"

मी कंट्रोलर खाली ठेवला.

ही गंमत समजायला माझं पॅनल बघायला हवं. सुरुवातीला मी चढणाऱ्या गाडीच्या बटणावर 'अप' आणि उतरणाऱ्या गाडीच्या बटणावर 'डाऊन' अशी चिकटपट्टी लावली होती. नाशिकरोडला जन्म काढलेल्या माणसाने! मुंबईकडे जाणारी गाडी अप, ती घाटात खाली उतरते. मुंबईहून येणारी डाऊन, ती वर चढते. प्लॅटफॉर्मवर हे आयुष्यभर ऐकलं. वेळापत्रकात मात्र 'अप मालगाडी, कापूस, नऊ डबे' असं स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं आणि पॅनलवरचं अप बटण दाबून कापूस डोंगरावर ढकलत राहिलो.

आणि हे वर्कबेंचवर व्यापाऱ्यांच्या मागण्यांचं टिपण चिकटवलेलं असताना. त्यात दुसरं काय आहे? १८४६ मध्ये अमेरिकेत कापसाचं पीक कमी आलं आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांच्या पोटात गोळा आला. १८४८ मध्ये मँचेस्टरचा खासदार जॉन ब्राइट याच्या अध्यक्षतेखाली पार्लमेंटची समिती बसली, तीसुद्धा हिंदुस्थानातल्या कापसावर. इकडे बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स होतंच, शिवाय १८४५ मध्ये नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाईंनी इंडियन रेल्वे असोसिएशन काढली. तिकडे लंडनमध्ये या रेल्वेचा प्रवर्तक जॉन चॅपमन कंपनी सरकारच्या दारात खेटे घालत होता. सगळ्यांचं म्हणणं एकच: वऱ्हाड-खानदेशातला माल बैलांवर येतो, वाटेत धूळ खातो, पावसाळ्याआधी बंदर गाठलं नाही तर भिजतो. तो आम्हाला मुंबईच्या धक्क्यावर कोरडा हवा. १८४९ मध्ये जीआयपीचा (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा) करार झाला, तोही पाच टक्के व्याजाची हमी घेऊन. म्हणजे नफा झाला तर भागधारकांचा आणि खोट आली तर इथल्या महसुलातून भरपाई. व्यापारी हुशारच होते. (चॅपमनच्या सुरुवातीच्या बेतात थळ नव्हताच, माळशेज होता. नाना मूळचे मुरबाडचे आणि माळशेजची वाट मुरबाडवरूनच जाते. पुढे कंपनीचा मुख्य इंजिनिअर बर्कले याने थळ आणि बोर हे दोन घाट पक्के केले, आणि मुरबाड राहिलं बाजूला.)

तर भार खाली जातो. वर काय चढणार? विलायती कापडाचे गठ्ठे, मीठ, थोडं लोखंड आणि बरेचसे रिकामे डबे. मी कापसाच्या गाठींमध्ये शिसं घालून त्या डब्यांना फेविकॉलने चिकटवल्या होत्या. त्याच रात्री सुरीने उचकटल्या, आता त्या काढता-घालता येतात. रिकामा डबा २८ ग्रॅम, भरलेला ५०. चढणाऱ्या गाडीला दोन मिठाचे, तीन कापडाचे, चार रिकामे. इंजिनाने नऊ डबे मुकाट्याने वर नेले, रबराची धाव काढून टाकल्यावरसुद्धा. सहा महिने ज्यासाठी घालवले ती अडचण मुळात नव्हतीच.

पण आनंद अर्धा तास टिकला. उतारावर नऊ भरलेले डबे म्हणजे साडेचारशे ग्रॅम पाठीवर. इंजिन हुंदके देत उतरायचं, कारण डबे ढकलतात, वर्मगिअर अडवतो, सुटतो, पुन्हा अडवतो. रिव्हर्सिंगच्या पॉइंटवर (रूळ फुटतो तिथे) पोचलं की मागचे डबे पुढच्यांवर चढायचे, बफर एकमेकांत अडकायचे आणि डबा आडवा. एवढे दिवस मी ओढण्याच्या मागे होतो. घाटाचा खरा प्रश्न थांबवण्याचा आहे.

उपाय ब्रेकव्हॅन, म्हणजे गार्डचा ब्रेकवाला डबा. गिटारची सगळ्यात बारीक तार कापून व्हॅनच्या आसाला हलकी टेकवली. मागून ओढ बसली, कपलिंग ताणलेली राहिली, गाडी लोण्यासारखी रिव्हर्सिंगपर्यंत आली. तिथे इंजिन सोडलं, लूपवरून दुसऱ्या टोकाला लावलं, पुढची उतरण सुरू केली आणि पुन्हा ढीग. कारण आता तोंड फिरलंय. जी व्हॅन शेपटाला होती ती इंजिनाला लागून पुढे आली, शेपूट मोकळं. म्हणून दोन्ही टोकांना एकेक व्हॅन. कागदावर घाटाचा नकाशा शंभरदा बघितला असेल, पण हे डोक्यात शिरायला डबे जमिनीवर पडावे लागले.

आता उरलेलं कोडं. तार कायम टेकलेली असेल तर चढतानाही ओढ बसते आणि इंजिन पुन्हा रडतं. आधी वाटलं, एकाच दिशेला अडवणारा आस करू, सायकलच्या फ्रीव्हीलसारखा. रात्री एक वाजता कागदावर मांडलं: पहिल्या पायरीवर उतरताना गाडी पश्चिमेला जाते, पण दुसऱ्या पायरीवर चढतानाही पश्चिमेलाच जाते. बाद. मग लोलक लावावा म्हटलं, व्हॅन कलली की ब्रेक. पण चढताना काय नि उतरताना काय, त्या पायरीवर कल तोच. तोही बाद. रिव्हर्सिंग स्टेशन माणसाला असं वेड लावतं.

सध्या व्हॅनच्या पोटात एक छोटी कळ आहे. इगतपुरीला टूथपिकने दाबायची, कसाऱ्याला सोडायची. गार्ड हाताने ब्रेक आवळायचा, तेच. पण हे लिहिता लिहिता सुचलं: कळीला खिळ्याचा तुकडा लावला आणि इगतपुरी यार्डात रुळांमध्ये चुंबक पुरलं तर? वरून जाताना कळ खाली ओढली जाईल. कसाऱ्याला तीच कळ वर सारायला एखादी उंच खुंटी. हात लावायची गरजच नाही. म्हणजे पुढच्या भागात झाडं दाखवणार होतो ते राहिलं, आधी चुंबक.

किरकोळ गोष्टी. गाठींसाठी तागाऐवजी जुन्या सुती बनियनचा कपडा चहाच्या पाण्यात बुडवून वापरला, या स्केलला तागाची वीण फार जाड दिसते. पुलाचे गर्डर अंबडच्या एका लेझर कटिंगवाल्याने दीड मिमी एमडीएफमध्ये सुंदर कापून दिले, इतका नेटका माल मी पैसे जास्त देऊनही ऑनलाइन मिळवू शकलो नव्हतो. एका ऑनलाइन विक्रेत्याने उजव्या पॉइंटच्या जागी दोनदा डावाच पाठवला. तिसऱ्यांदा मी लेआउटच उलटा करायचा विचार केला होता.

लेआउटचं साल बदलतोय. आधी १८६५ धरलं होतं, घाट सुरू झाला ते वर्ष. पण व्यापाऱ्यांनी वीस वर्षं ज्यासाठी गळा काढला तो मार्ग उघडला आणि काही महिन्यांत अमेरिकेतली यादवी लढाई संपली, कापसाचा भाव कोसळला, मुंबईचे सट्टेवाले बुडाले. त्या वर्षी यार्डात नऊ डब्यांची गर्दी दाखवणं मनाला पटेना. १८७० घेतो. त्या साली खामगावची शाखा लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झाली, म्हणजे तिथली गाठ गाडी न सोडता घाटापर्यंत येते. घाटरस्त्यावर बैलगाड्या मात्र ठेवणार, चार जोड्या रंगवून झाल्यात.

आणि एक खूळ. एन स्केलचा (एचओपेक्षा लहान) ९ मिमी रूळ कपाटात पडून आहे. नाशिकरोड ते गावातली जुनी घोड्यांची ट्राम नॅरोगेज होती, १८८९ ची. साल जुळत नाही, मान्य. तरी एक वेगळा तुकडा, दोन डबे आणि चार घोडे... पुण्याच्या मित्राला सांगू नका, तो म्हणेल आधी घाट पूर्ण कर.

चुंबकं गुरुवारी येतायत. तोवर गार्डचं काम टूथपिककडे. आईने वातींच्या कापसाचा हिशोब मागितलाय, दोन पाकिटं भरायची आहेत.