आमची वाटचाल: दीड महिन्याचा हंगाम आणि बाकीचे साडेदहा महिने

सांगलीत हळद-बेदाण्याच्या अडत्यांची विक्रीकराची कामे करणारे एका टेबलाचे कार्यालय म्हणून आम्ही २००५ साली सुरुवात केली. त्याच वर्षी १ एप्रिलला महाराष्ट्रात व्हॅट लागू झाला होता आणि विवरणाच्या नव्या फॉर्ममध्ये कोणता आकडा कुठे टाकायचा, एवढ्यावर पेठेतली निम्मी चर्चा चालायची. २०१७ च्या १ जुलैला जीएसटी आला, पाठोपाठ पगारदार, शिक्षक, निवृत्त मंडळी, फ्लॅट विकणारे आणि आता शेअर बाजारातली तरुण मुले आली. आज आम्ही सात जण आहोत.

किती फाइली वाढल्या हे सांगण्यात आम्हाला फार रस नाही. काम कसे करतो आणि ते तसेच का करतो, हे सांगितले तर येणाऱ्याला उपयोग होईल. कर मोजणे हा या धंद्यातला सगळ्यात सोपा भाग, तो संगणक मोजतो. वेळ खाते ती जुळवणी: ग्राहक सांगतो एक, बँक कळवते दुसरे, कर विभागाचे पोर्टल दाखवते तिसरे. कार्यालयातला जवळजवळ प्रत्येक नियम या तिन्हींच्या भांडणातून निघाला आहे.

दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला फोन येतो, "साहेब, वर्ष संपलं, आमचं रिटर्न टाकून द्या की." आम्ही टाकत नाही. जानेवारी ते मार्च तिमाहीचे टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) विवरण भरायला बँकेला आणि मालकाला ३१ मेपर्यंत मुदत असते, फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) द्यायला १५ जूनपर्यंत. त्याआधी २६एएस (पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा) उघडले, तर शेवटच्या तिमाहीचा टीडीएस त्यात नसतो किंवा अर्धाच असतो. रिटर्नमध्ये दाखवलेला टीडीएस आणि २६एएसमधला टीडीएस जुळला नाही, की रिफंडऐवजी कराची मागणी हातात पडते आणि मग सुधारित रिटर्न. म्हणून १५ जून ते ३१ जुलै हाच आमचा हंगाम. २०२५ साली मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली आणि वर आणखी एक दिवस मिळाला. कागद मात्र बऱ्याच जणांनी ११ सप्टेंबरनंतरच आणले. "तारीख वाढणार का?" या प्रश्नाला आमच्याकडे एकच उत्तर असते: वाढणार नाही असे समजून कागद आणा.

फाइल आत आली की सर्वांत आधी एआयएस (वर्षभराच्या व्यवहारांची विभागाकडची यादी), टीआयएस (तिचा सारांश) आणि २६एएस हे तिन्ही एकाच दिवशी उतरवून घेतो. 'एकाच दिवशी' हे महत्त्वाचे, कारण एआयएस बदलत राहते. आज त्यात नसलेले व्याज पंधरा दिवसांनी येऊन बसते. म्हणून रिटर्न भरलेल्या दिवशीची एआयएसची प्रत तारखेसह फाइलला लावतो. पुढे नोटीस आली तर त्या दिवशी काय दिसत होते, हे दाखवता येते.

एआयएस नोव्हेंबर २०२१ मध्ये आले आणि "टीडीएस कापला नाही म्हणजे उत्पन्न दाखवायचे नाही" ही गावातली जुनी समजूत उघडी पडली. बचत खात्याचे व्याज, लाभांश, म्युच्युअल फंडाची विक्री, जमिनीचा व्यवहार, सगळे तिथे दिसते. पण एआयएस म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. संयुक्त ठेवीचे सगळे व्याज पहिल्या नावावर पडते, मग पैसे कोणाचेही असोत. तेच व्याज कधी टीडीएसच्या रकान्यात आणि कधी बँकेच्या वार्षिक माहितीत असे दोनदा दिसते. बापाच्या डिमॅटमधून मुलाच्या डिमॅटमध्ये शेअर गेले, तर ती विक्री म्हणून येऊ शकते. अशा नोंदीवर पोर्टलमध्ये 'फीडबॅक' देता येतो: माहिती दुबार आहे, दुसऱ्या पॅनची आहे, अंशतः बरोबर आहे, वगैरे. फीडबॅक दिला आणि काम संपले, असे नाही. तो माहिती देणाऱ्या बँकेकडे जातो आणि बँक गप्प बसली तर नोंद तशीच राहते. आम्ही खरा आकडा भरतो आणि व्याजाचा दाखला फाइलला जोडतो.

याची उलट बाजू जास्त फसवी. सहकारी पतसंस्था आपल्या सभासदाच्या ठेवीवरच्या व्याजाचा टीडीएस सहसा कापत नाही आणि ते व्याज एआयएसमध्ये दिसेलच असे नाही. ते करपात्र असतेच. आमच्या भागात घरटी एखादी पतसंस्थेची पावती निघते, म्हणून "पतसंस्थेत काय आहे?" हा प्रश्न आम्ही तोंडी विचारतो आणि उत्तर लिहून घेऊन सही घेतो. शेतीच्या उत्पन्नाचेही तसेच. ते करमुक्त म्हणून लोक सांगतच नाहीत. पण ते ५,००० रुपयांच्या वर गेले की 'सहज' म्हणजे आयटीआर-१ चालत नाही आणि बाकीच्या उत्पन्नाचा दर ठरवताना ते हिशेबात धरावे लागते. नोकरी असलेल्या आणि द्राक्षबाग राखणाऱ्या माणसाचे 'सहज' भरले, तर फॉर्मच चुकीचा ठरतो.

शिक्षकांच्या फाइलींनी आम्हाला सगळ्यात जास्त शिकवले. महाराष्ट्रात सातवा वेतन आयोग १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला गेला, पगारात मात्र तो जानेवारी २०१९ पासून दिसला. मधल्या ३६ महिन्यांचा फरक पुढे पाच हप्त्यांत ठरला. ज्या वर्षी हप्ता हातात पडतो त्या वर्षीच्या उत्पन्नात तो मिसळतो आणि माणूस वरच्या टप्प्यात जातो. त्यावर कलम ८९(१) चा दिलासा आहे, पण तो मागावा लागतो आणि मागण्याचा दरवाजा म्हणजे फॉर्म १०ई.

समजा, जुन्या करप्रणालीतल्या एका मुख्याध्यापकांना १,००,००० रुपये फरक मिळाला, निम्मा २०१६-१७ चा आणि निम्मा २०१७-१८ चा. यंदा ते ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहेत. उपकरासह (करावर लागणारा जादा कर) या रकमेवर कर झाला ३१,२०० रुपये. त्या दोन वर्षांत ते २० टक्क्यांच्या टप्प्यात होते. तेव्हा मिळाले असते तर प्रत्येक वर्षी १०,३००, एकूण २०,६०० रुपये कर लागला असता. दिलासा १०,६०० रुपयांचा. यात खड्डा कुठे आहे? उपकरात. २०१७-१८ पर्यंत तो ३ टक्के होता, ४ टक्के २०१८-१९ पासून झाला. तयार एक्सेलमध्ये सगळीकडे ४ टक्के ओढले की दिलासा १०,४०० निघतो, म्हणजे ग्राहकाचे २०० रुपये गेले. रक्कम किरकोळ आहे, पण मुख्याध्यापक गणिताचे असले तर फोन येतो.

१०ई भरताना दोन चुका नेहमीच्या. पहिली, आकारणी वर्ष निवडताना लोक ज्या वर्षांचा फरक आहे ती वर्षे टाकतात. निवडायचे असते ते पैसे मिळाल्याचे आकारणी वर्ष. मागची वर्षे आतल्या तक्त्यात येतात. दुसरी, रिटर्न आधी आणि १०ई नंतर. रिटर्नमध्ये दिलासा मागितला आणि १०ई दाखल नसेल, तर रिटर्न तपासून विभाग पाठवतो त्या कलम १४३(१) च्या सूचनेत तो सरळ उडतो. मग १०ई भरून दुरुस्तीचा अर्ज, म्हणजे त्याच कामाला दुप्पट वेळ. आमच्याकडे शिक्षकाच्या फाइलच्या कव्हरवर '१०ई?' असा शिक्काच आहे. त्याला उत्तर लिहिल्याशिवाय फाइल पुढच्या टेबलावर जात नाही. सोबत दोन कागद लागतात: कोणत्या वर्षाचा किती फरक हे सांगणारा शाळेचा सही-शिक्क्याचा तक्ता आणि त्या वर्षांची रिटर्ने. दुसरा कागद बहुतेकांकडे नसतो. पोर्टलवर जुनी रिटर्ने मिळतात, पण पासवर्ड कोणाकडे?

पासवर्डचा विषय निघालाच आहे. पूर्वी या धंद्यात सल्लागाराचाच ईमेल आणि मोबाइल सगळ्या ग्राहकांच्या खात्यांना लावायची पद्धत होती. सोयीची होती, पण धोक्याची. नोटीस सल्लागाराच्या ईमेलवर येते, ग्राहकाला पत्ता नसतो. त्याने सल्लागार बदलला तर त्याचेच खाते त्याला उघडत नाही. आम्ही ती बंद केली. मोबाइल आणि मुख्य ईमेल ग्राहकाचा, आमचा फक्त दुय्यम. याचा त्रास आम्हालाच होतो. ओटीपी ग्राहकाच्या फोनवर जातो, ग्राहक तासगावच्या बाजारात सौद्याला उभा असतो आणि ओटीपीची मुदत संपते. म्हणून ओटीपीची कामे आम्ही संध्याकाळी सात ते आठ या वेळेत एकत्र करतो आणि सकाळीच निरोप धाडतो.

रिटर्न भरले म्हणजे संपले, असे समजून घरी गेलेला माणूस दरवर्षी भेटतो. भरल्यापासून ३० दिवसांत पडताळणी झाली नाही, तर पडताळणीची तारीख हीच भरल्याची तारीख धरतात. आधारला जुना मोबाइल जोडलेला असेल तर नेट बँकिंग, आधीच प्रमाणित केलेले बँक किंवा डिमॅट खाते हे मार्ग आहेत, नाहीतर सही करून आयटीआर-व्ही (रिटर्नची पोच) बेंगळुरूच्या केंद्राला पाठवायचे. रिफंड अडकण्याची कारणे त्याहून साधी: खाते प्रमाणित नाही, पॅनवरचे नाव आणि पासबुकावरचे नाव वेगळे, किंवा बँक विलीन झाल्यावर आयएफएससी बदलला. सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० ला कॅनरामध्ये गेली, तरी जुना कोड लिहिलेली पासबुके अजून आमच्या टेबलावर येतात. खाते दुरुस्त करून रिफंड पुन्हा पाठवण्याची विनंती टाकली की काम होते.

जीएसटीचा ताल वेगळा. तिथे हंगाम नाही, दर महिन्याला दोन तारखा आहेत: ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचे विवरण), २० ला ३बी (कर भरण्याचे विवरण). तिमाही योजनेतल्या (तीन महिन्यांतून एकदा विवरण भरणाऱ्या) महाराष्ट्रातल्या व्यापाऱ्याला १३ आणि २२. व्यापारी बिलबुके १० तारखेला रात्री पाठवतो, हे गृहीत धरूनच आम्ही माणसे बसवतो. दोन गोष्टी मात्र आता खपत नाहीत. १ जानेवारी २०२२ पासून २बी मध्ये (पुरवठादारांनी तुमच्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी) न दिसणाऱ्या बिलाचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, मिळत नाही. "बिल आहे, पैसे बँकेतून दिलेत, मग क्रेडिट का नाही?" कारण विकणाऱ्याने ते दाखवलेले नाही, किंवा तो तिमाहीवाला आहे, किंवा त्याने तुमचा क्रमांक चुकवून बिल किरकोळ विक्रीत टाकले. २बी १४ तारखेला तयार होते. १५ ला आम्ही प्रत्येक व्यापाऱ्याला न आलेल्या बिलांची यादी धाडतो: बिल क्रमांक, तारीख, विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, कराची रक्कम. शहाणा व्यापारी पुरवठादाराची तेवढी कराची रक्कम बिल दिसेपर्यंत थांबवतो. त्या आर्थिक वर्षाचे क्रेडिट घ्यायची शेवटची मर्यादा पुढच्या ३० नोव्हेंबरची. वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले, तर ती तारीखच मर्यादा.

दुसरी गोष्ट, जुलै २०२५ च्या विवरणापासून ३बी मधली विक्रीवरच्या कराची रक्कम हाताने बदलता येत नाही. पूर्वी जीएसटीआर-१ मध्ये चूक झाली तरी ३बी मध्ये आकडा नीट करून वेळ मारून नेता येई. आता ३बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए या दुरुस्तीच्या फॉर्ममध्ये बदल करायचा, नाहीतर पुढच्या महिन्यात. आमच्याकडे सगळ्यात जास्त चूक होते ती विजयपूर आणि बेळगावच्या गिऱ्हाइकांची. जीएसटी क्रमांक २९ ने सुरू झाला की कर्नाटक, म्हणजे माल तिकडे पोहोचवत असाल तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर). सवयीने राज्यातल्या विक्रीचे सीजीएसटी-एसजीएसटी लावले, तर योग्य कर पुन्हा भरून आधीचा परत मागावा लागतो. पैसे बुडत नाहीत, पण अडकतात. म्हणून बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या गिऱ्हाइकाचे खाते उघडताना त्याच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे मोठ्याने वाचायची सवय आम्ही व्यापाऱ्यांच्या मुनिमांना लावली.

आता फीविषयी, कारण विचारतात सगळे आणि लिहीत कोणी नाही. "नुसतं बटण तर दाबायचं" हे वाक्य ऐकून आम्ही चिडत नाही. आम्ही फी फॉर्मवर आणि कागदांच्या संख्येवर घेतो: आयटीआर-१ ची कमी, भांडवली नफ्याची जास्त, वायदे बाजार असेल तर आणखी जास्त, कारण तो धंदा धरला जातो आणि आयटीआर-३ लागतो. रिफंडाच्या टक्क्यांवर फी आम्ही घेत नाही. जो टक्क्यांवर घेतो, त्याला रिफंड फुगवण्यात रस असतो. राजकीय पक्षांच्या देणग्यांचे खोटे दावे, न भरलेले घरभाडे, नसलेला आरोग्य विमा, हे सगळे याच वाटेने आले. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने देशभर अशा दाव्यांची तपासणी केली. त्याच वर्षी जुन्या प्रणालीतल्या वजावटींसाठी पॉलिसी क्रमांक, विमा कंपनीचे नाव, कर्ज खाते क्रमांक असे तपशील फॉर्ममध्येच भरायला लागले. "शेजाऱ्याला चाळीस हजार मिळाले, तुम्ही का काढत नाही?" असे म्हणून काही ग्राहक गेले. त्यातले काही पुढच्या वर्षी नोटीस घेऊन परत आले. तेव्हा आधीची फाइल पूर्ण मागवल्याशिवाय आम्ही उत्तराला हात लावत नाही.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा. कलमांचे आकडे बदलले, 'मागील वर्ष' आणि 'आकारणी वर्ष' जाऊन 'कर वर्ष' आले. पण २०२५-२६ च्या उत्पन्नाचे रिटर्न १९६१ च्या कायद्यानेच भरायचे आणि त्या वर्षांच्या नोटिसाही जुन्या कलमांनी येत राहणार. टेबलांवर दोन्ही कायद्यांची कलमे समोरासमोर लिहिलेला तक्ता काचेखाली सरकवला आहे. नवी कव्हरे 'कर वर्ष' छापून आली आहेत, जुनी 'आकारणी वर्ष'वाली दीड गठ्ठा शिल्लक आहेत. ती टाकायची नाहीत, असे आम्ही शिपायाला बजावून ठेवले आहे.