दोन खोल्यांतले नऊ जण

लहानपणी आम्ही दोन खोल्यांच्या घरात नऊ जण राहत होतो असे मी सांगितले, की ऐकणारा हमखास एकच प्रश्न विचारतो: "मग झोपत कसे होता?" या प्रश्नात थोडी दया असते आणि बरेच कुतूहल असते. वास्तविक नऊ माणसांना झोपवणे हे त्या घरातले सर्वांत सोपे काम होते, कारण झोपलेला माणूस काही शोधत नाही, कोणाला हाक मारत नाही आणि त्याला एका वेळी एकच जागा लागते. खरी कसोटी सकाळी, सगळे जागे झाल्यावर लागे.

तरीही झोपेचा हिशेब आधी सांगतो, कारण तो मला अजून तोंडपाठ आहे. बाहेरची खोली १२ बाय १० फुटांची होती. तिच्या एका टोकाला, १० फुटांच्या भिंतीला लागून आजोबांची ३ फूट रुंद खाट होती. उरलेल्या ९ फुटांत वडील, काका, चुलतभाऊ आणि मी असे चौघे एका रांगेत झोपत असू. म्हणजे माणशी सव्वादोन फूट. मोठ्या माणसाचे खांदे साधारण दीड फूट भरतात, तेव्हा कूस बदलायला प्रत्येकाच्या वाट्याला ९ इंच उरत. आतली खोली १० बाय ८ ची. तिच्यात लांबीच्या भिंतीला २ फुटांचा ओटा होता आणि उरलेल्या जागेत आजी, आई, काकू आणि धाकटी बहीण अशा चौघी, माणशी अडीच फुटांत. आतल्या खोलीत माणशी ३ इंच जागा जास्त आहे, हे चुलतभावाने एकदा फूटपट्टीने मोजून काढले आणि त्यावर आठवडाभर तक्रार केली.

बाहेरच्या खोलीत आमच्या पायांकडे ४ फुटांचा एक पट्टा मोकळा राही. ती न्हाणीघराकडे जाणारी रात्रीची वाट होती आणि तिच्यावर कोणीही, काहीही ठेवायचे नाही, असा आजोबांचा दंडक होता. एकदा माझे दप्तर तिथे राहिले. काका अंधारात त्याच्या पट्ट्यात पाय अडकून थेट आजोबांच्या खाटेवर जाऊन पडले. त्यानंतर कित्येक वर्षे मी झोपण्यापूर्वी ती वाट हाताने चाचपून पाहत असे.

अंथरुणांच्या ढिगाविषयी मात्र जरा सविस्तर सांगायला हवे. सकाळी नऊ अंथरुणांच्या घड्या एकावर एक रचल्या जात आणि दिवसभर त्या ढिगावर चादर टाकून त्याची बैठक होई. जो आधी उठेल त्याचे अंथरूण तळाशी जाणार आणि जो शेवटी उठेल त्याचे सर्वांत वर येणार, हे ओघानेच आले. आता गंमत अशी, की घरात सर्वांत उशिरा उठणारी धाकटी बहीण रात्री सर्वांत आधी पेंगायला लागे, त्यामुळे जे अंथरूण आधी हवे तेच नेमके वर सापडे; आणि पहाटे उठणारी काकू रात्री सर्वांत शेवटी आडवी होई, त्यामुळे तिचे तळाशी असले तरी बिघडत नसे. कोणी न ठरवता ढीग आपोआप योग्य क्रमाने लागत होता. अपवाद फक्त आजीचा. ती लवकर निजे आणि लवकर उठे, त्यामुळे तिचे अंथरूण रोज तळाशी जाई आणि रोज सर्वांआधी लागे. पुढे ते अंथरूण ढिगातून काढून कायमचे तिच्या ट्रंकेवर ठेवले गेले आणि हा बदल सुचवण्याचे श्रेय काका व वडील दोघेही आयुष्यभर आपापल्याकडे घेत राहिले.

उकाड्याबद्दल एवढेच सांगतो, की स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता बाहेर पडते आणि झोपेत ती थोडीच कमी होते. पाच माणसांची खोली म्हणजे रात्रभर पेटती ठेवलेली एक छोटी शेगडीच. थंडीत आम्हाला जाड पांघरूण फारसे लागले नाही आणि उन्हाळ्यात खिडकीखालची जागा कोणाची, यावरून जे व्हायचे ते होतच असे.

उजाडल्यावर त्याच जमिनीची बैठकीची खोली होई, मग अभ्यासाची, मग जेवणाची, मग पुन्हा झोपायची. मोठ्या घरात प्रत्येक कामाला वेगळी जागा असते. आमच्याकडे प्रत्येक कामाला वेगळी वेळ होती. इतरांची घरे भिंतींनी विभागलेली असतात, आमचे घड्याळाने विभागलेले होते. एकच न्हाणीघर आणि नऊ माणसे, माणशी दहा मिनिटे धरली तरी दीड तास होतो, त्यामुळे आंघोळीचा क्रम आगगाडीच्या वेळापत्रकासारखा पाळावा लागे आणि एक गाडी उशिरा सुटली की मागच्या सगळ्या खोळंबत. आजोबा निवृत्त असल्यामुळे त्यांचा क्रमांक शेवटचा होता. आपल्याला कुठे जायची घाई नाही, असे ते म्हणत. परंतु न्हाणीघरातून बाहेर येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून खिशातले घड्याळ काढत आणि पुन्हा आत ठेवत, एक अक्षरही न बोलता. आम्ही त्या घड्याळाला वचकून असू.

पुढे वास्तुरचनेविषयी वाचताना कळले, की हीच कल्पना एका नामांकित घरात मुद्दाम योजलेली आहे. नेदरलँड्समधील युट्रेख्ट शहरात गेरिट रीटफेल्ट यांनी १९२४ साली ट्रुस श्रोडर या तीन मुले असलेल्या विधवा बाईंसाठी एक घर बांधले. त्याच्या वरच्या मजल्यावर सरकत्या भिंती आहेत. दिवसा त्या बाजूला सारल्या की एकच मोकळी जागा होते आणि रात्री ओढून घेतल्या की वेगवेगळ्या खोल्या तयार होतात. श्रोडर बाई १९८५ मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिल्या आणि २००० साली ते घर जागतिक वारशाच्या यादीत गेले. आमच्याकडे सरकत्या भिंती नव्हत्या, सरकती माणसे होती. अभ्यासाची वेळ झाली की मोठी माणसे आत सरकत, स्वयंपाकाची झाली की मुले बाहेर सरकत, आणि कोणी पाहुणा आला की सगळेच एकेक वीत सरकत.

वस्तूंना मात्र असे सरकता येत नाही, आणि लहान घरातले बहुतेक सगळे हाल माणसांमुळे नव्हे तर वस्तूंमुळे होतात, असे माझे मत आहे. माणूस कामाला जातो, शाळेत जातो, निदान अंगणात तरी जातो. कपाट कुठेही जात नाही. आमच्याकडे जमिनीवर ठेवण्याच्या वस्तू मोजक्या होत्या आणि बाकीचा संसार भिंतींवर चढलेला होता. डोक्याच्या उंचीवर चारी बाजूंनी फळी, दाराच्या मागे प्रत्येकाच्या नावाची खुंटी, खाटेखाली ट्रंका, आणि वर माळा, जिथे गेलेली वस्तू शक्यतो परत येत नसे. कात्री, सुईदोरा, काडेपेटी, औषधाची बाटली यांच्या जागा इतक्या पक्क्या होत्या, की दिवे गेले तरी कोणाचे काही अडत नसे. कोणी कात्री वापरून भलतीकडे ठेवली, तर घरात चोरी झाल्याप्रमाणे चौकशी होई.

माझ्या आणि चुलतभावाच्या मालकीची म्हणता येईल अशी एकच जागा होती: खिडकीचा सहा इंच रुंद कठडा. त्याच्या मधोमध आम्ही खडूने रेघ मारली होती. त्याच्या बाजूला काचेच्या गोट्या, एक बंद पडलेले हातघड्याळ आणि पक्ष्याचे एक निळे पीस असे. माझ्या बाजूला तीन पुस्तके आणि शाईची दौत. पावसाच्या झडीने रेघ पुसली जाई आणि ती पुन्हा मारताना दर वेळी अर्धा बोट इकडे की तिकडे यावर वाद होई. आज माझ्या घरात पुस्तकांसाठी एक अख्खी भिंत आहे. त्या भिंतीवर कुठे काय आहे ते मला धड सांगता येत नाही; त्या अर्ध्या कठड्यावरची प्रत्येक गोष्ट मात्र मी आजही डोळे मिटून सांगू शकतो.

एवढ्या दाटीत एकांत मिळत होता का, हा खरा विचारायचा प्रश्न. पण तो सहसा कोणी विचारत नाही. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात माणसामाणसांतल्या अंतरांचा अभ्यास केला, तेव्हा त्याने सुमारे दीड फुटांच्या आतले अंतर अगदी जवळच्या माणसांपुरते राखून ठेवले होते. आमच्या घरात त्या दीड फुटांच्या आत सतत कोणी ना कोणी असेच. तेव्हा एकांत अंतराने मिळणे शक्य नव्हते. तो एकमेकांना द्यावा लागे. भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस घरात नाही असे समजायचे, ही आमची अलिखित रीत होती. आत्याचे पत्र आले की आजी ते भिंतीकडे तोंड करून वाचत असे, आणि तिच्या पाठीशी आठ माणसे वावरत असूनही ती वळेपर्यंत पत्रात काय आहे असे कोणी विचारत नसे. रडायचे असेल तर न्हाणीघरात नळ सोडून रडायचे. नळाचा आवाज नेहमीपेक्षा लांबला तर रांगेतला पुढचा माणूस काही न बोलता आपली पाळी मागच्याला देई. ऐकू येणे आणि ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी त्या घरात शिकलो.

आई आणि वडील आठवड्यातून एकदा संध्याकाळी काहीतरी आणायला म्हणून बरोबर बाहेर पडत आणि तासा-दीड तासाने रिकाम्या हातांनी परत येत. काका-काकूंचेही तसेच. ते काय आणायला गेले होते, असे लहानपणी मी एकदा मोठ्याने विचारले, तेव्हा आजीने मला ताबडतोब पाणी आणायला आत पिटाळले. तो प्रश्न आपण विचारायला नको होता, हे समजायला मला पुढे बरीच वर्षे लागली.

भांडणे अर्थातच होत. नऊ माणसांमधून दोघादोघांच्या जोड्या काढल्या तर त्या बरोबर ३६ होतात. तीन आणि सहा हे आकडे एकमेकांकडे पाठ करून बसतात म्हणून वैराला छत्तीसचा आकडा म्हणण्याची आपली रीत आहे. तो आकडा आमच्या घरात मुळातच हजर होता. एक पाहुणा मुक्कामाला आला की जोड्या ४५ होत, परंतु पाहुण्यासमोर भांडायचे नाही असा संकेत असल्यामुळे ते दिवस त्यातल्या त्यात शांततेत जात. वडील आणि काका एकदा आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. कारण मला आठवत नाही, बहुधा त्यांनाही आठवत नसावे. मात्र अंथरुणे शेजारीशेजारीच होती, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. अडचण दिव्याची झाली. दिव्याचे बटण काकांच्या बाजूच्या भिंतीवर होते; दिवा बंद कर, असे वडील सांगणार नाहीत आणि कोणी सांगितल्याशिवाय काका तो बंद करणार नाहीत. आम्ही दोघे मुले पांघरुणातून हा सामना पाहत असू. शेवटी खाटेवरून आजोबांचा आवाज येई, "दोघांपैकी जो शहाणा असेल त्याने दिवा घालवावा," आणि दोघेही एकदम उठत.

आम्ही त्या घरात सुखाने राहिलो असे मी म्हणतो, तेव्हा मी माझ्यापुरते बोलतो आहे, हेही लिहिले पाहिजे. आठवणीत सगळे गोड होत जाते आणि त्या गोडव्याची किंमत कोणी मोजली ते विसरायला होते. १९२६ साली मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफुर्टमधल्या नव्या वसाहतींसाठी आगगाडीतल्या स्वयंपाकघरावरून एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले, ते सुमारे ७० चौरस फुटांचे होते आणि तिथे एकाच बाईने वावरायचे होते. आमची आतली खोली ८० चौरस फुटांची. तिथे दोन बायका नऊ माणसांचा स्वयंपाक करत आणि रात्री तिथेच चौघी निजत. ओट्यावरची शेवटची आवराआवर झाल्याशिवाय काकूला अंथरूण घालता येत नसे, आणि सकाळी तिचे अंथरूण निघाल्याशिवाय ओट्यापाशी कोणाला उभे राहता येत नसे. अंथरुणांचा तो ढीग आपोआप योग्य क्रमाने लागत होता असे मी वर लिहिले खरे. तो काकूमुळे लागत होता. भिंतीकडे तोंड करून बसलेली काकू मला आठवत नाही.

घर सुटल्यावर बऱ्याच वर्षांनी मी तिला विचारले, की त्या दोन खोल्यांत तुला सगळ्यांत जास्त कशाची उणीव भासली. मला वाटले ती मोठी खोली म्हणेल, वेगळे कपाट म्हणेल. ती म्हणाली, "आतून कडी."

आता चुलतभावाचे घर मोठे आहे आणि काकूला स्वतःची खोली आहे. मागच्या खेपेला मी न कळवता गेलो, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. चुलतभावाने दार उघडले आणि बोलण्याआधी ओठांवर बोट ठेवले. काकू दोन ते चार खोलीला कडी लावून आत असते, झोपते की वाचते ते कोणाला ठाऊक नाही, आणि त्या वेळात तिचे दार कोणी वाजवत नाही. आम्ही दोघे बाहेरच्या खोलीत हळू आवाजात बोलत बसलो. चारला पाच मिनिटे असताना त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले आणि पाणी ठेवायला उठला.